पाव, पतित आणि आम्ही

"बायोटेक? म्हणजे पुढे नक्की काय करणार तू?"

हा प्रश्न मला चार वर्षांत किती जणांनी विचारला याची मोजदाद नाही. मामाने विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला आणि हॉस्टेलवर माझा मेकॅनिकलचा रूममेट तर दर रविवारी न चुकता विचारतो. त्याच्याकडे लेथ आहे, इंजिन आहे, संध्याकाळी हात काळे करून तो रूमवर येतो. आमच्याकडे काय, तर काचेच्या बशा आणि त्यात उगवलेले पांढरे ठिपके! "तुमचं मशीन तर दिसत पण नाही राव," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

तर या लेखात त्या न दिसणाऱ्या मशीनचीच गोष्ट सांगणार आहे. आणि तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट, जी आजवर फक्त तीन माणसांना ठाऊक होती. संपादक मंडळाने "काहीतरी हलकंफुलकं दे" असं सांगितलं होतं. सुरुवात तर हलकीफुलकी झाली, पुढचं पुढे बघू.

आमचं मशीन म्हणजे यीस्ट. कॅन्टीनमध्ये वडापाव खाताना हातात जो पाव असतो, तो फुगवणारं हेच ते. एक पेशी म्हणजे मिलिमीटरचा साधारण दोनशेवा भाग. पण तेवढ्यात १६ गुणसूत्रं आणि सुमारे ६००० जनुकं! १९९६ साली यीस्टचा सगळा जनुकसंच वाचून झाला. ज्यांच्या पेशीत केंद्रक असतं अशा सजीवांत हा पहिला नंबर यीस्टने पटकावला. पुढे २००२ पर्यंत अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून एक अचाट उद्योग केला. जवळजवळ प्रत्येक जनुक एकेक करून काढून टाकलं आणि एकेक जनुक नसलेल्या यीस्टचा संच तयार केला. मेकॅनिकलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, एकाच मॉडेलच्या हजारो गाड्या आणि प्रत्येक गाडीचा एकच, पण वेगळा पार्ट काढलेला. आता गाडी चालवून बघा आणि सांगा, काढलेल्या पार्टचं काम काय होतं. ऐकायला सोपं वाटतं ना? पण एवढं सगळं करूनही यीस्टच्या काही शेकडो जनुकांचं काम अजून नीट कळलेलं नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आमच्या सरांनी (हेच आपल्या हॉस्टेलचे रेक्टर, त्यामुळे जास्त वर्णन करत नाही!) माझ्यासमोर आणि माझ्या पार्टनरसमोर दोन टेस्ट ट्यूब ठेवल्या. एकीवर 'अ', दुसरीवर 'ब'.

"दोन्हींत एकेक जनुक गायब आहे. कोणतं ते मला माहीत आहे, तुम्हाला सांगणार नाही. ती काढलेली जनुकं या दोन प्लाझ्मिडवर आहेत. एप्रिलपर्यंत तुम्ही मला सांगायचं, कोण काय काम करतं ते."

प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं छोटं कडं. त्यावर हवं ते जनुक चढवून पेशीत पाठवता येतं. म्हणजे काढलेला पार्ट परत बसवायची सोय. आम्ही मनात म्हटलं, एवढंच? मार्चपर्यंत गावी!

पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट कळली. साखरेच्या प्लेटवर अ आणि ब दोघंही वाढत होते, पण त्यांचे ठिपके, ज्याला आम्ही कॉलनी म्हणतो, अगदी बारके. आणि ग्लिसरॉलच्या प्लेटवर तर दोघांचाही पत्ता नाही. याचा अर्थ असा: यीस्टला साखर मिळाली की ते आंबवून पोट भरू शकतं, त्याला श्वसनाची गरज पडत नाही. ग्लिसरॉल मात्र आंबवता येत नाही, त्यातून ऊर्जा काढायची तर मायटोकॉन्ड्रिया चालू हवेत. 'पेशीचं पॉवर हाऊस' हे वाक्य आपण सगळ्यांनीच बारावीत पाठ केलंय. आमच्या दोन्ही ट्यूबमधलं पॉवर हाऊस बंद होतं.

अशा बुटक्या कॉलन्या पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली प्रसिद्ध केल्या. फ्रेंचमध्ये 'लहान' म्हणजे पेतीत, आणि सर त्याचा उच्चार 'पतीत' असा करतात. झालं! त्या दिवसापासून आमच्या लॅबमधल्या यीस्टचं नाव पडलं 'पतित'. "पतितांना खायला घातलं का?", "पतितांची प्लेट फ्रीजमध्ये ठेव रे" असे संवाद ऐकून एकदा लॅब असिस्टंट काका सरांकडे तक्रार घेऊन गेले होते.

आता थोडं गंभीर. मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए असतो. यीस्टमध्ये तो सुमारे ८६ हजार अक्षरांचा आहे आणि त्यावर मुख्य प्रथिनं किती, तर फक्त ८. ती बनवायला आत स्वतंत्र रायबोझोम आहेत, म्हणजे कारखान्यातला वेगळा छोटा कारखाना. पण गंमत अशी की ही ८ प्रथिनं बनवण्यासाठी लागणारी शंभराहून जास्त प्रथिनं बाहेरून, केंद्रकातल्या जनुकांवरून येतात. आठ पोळ्या लाटायच्या आणि स्वयंपाकघरात शंभर माणसं! त्यातला एक जरी गैरहजर राहिला तरी पोळी होत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर त्झागोलॉफ यांनी वर्षानुवर्षं असे श्वसन बिघडलेले पतित जमवले. १९९० मध्ये त्यांनी आणि कॅरल डीकमन यांनी त्यांची यादी छापली, तेव्हा त्यात २१५ गट होते. एक गट म्हणजे साधारण एक जनुक. एवढ्या सगळ्यांची बाहेरून लक्षणं एकच: ग्लिसरॉलवर वाढत नाही. ताप आलेल्या २१५ पेशंटमधून प्रत्येकाचा रोग शोधण्यासारखं आहे हे.

मग आम्ही प्लाझ्मिड घातले. 'अ'ला त्याचं जनुक परत मिळालं आणि तिसऱ्या दिवशी ग्लिसरॉलवर मस्त जाड कॉलन्या उगवल्या. पार्टनरने लॅबमध्येच नाच केला. 'ब'ची प्लेट मात्र कोरी. परत केलं. कोरी. माध्यम बदललं, नवीन बाटली उघडली, हात पुन्हा पुन्हा स्पिरिटने धुतले. चार वेळा केलं, चारही वेळा कोरी. प्लाझ्मिड आत गेलंय याचा पुरावा होता, कारण ज्या प्लेटवर प्लाझ्मिडशिवाय जगताच येत नाही तिथे 'ब' आरामात वाढत होता. पार्ट बसवलाय, तरी गाडी चालू होत नाही!

एव्हाना मार्च संपत आला होता. हॉस्टेलची अवस्था आठवत असेलच. नेमका त्याच सुमारास मेसचा आचारी गावी गेला तो आठ दिवस आलाच नाही. दोन दिवस मॅगीवर निघाले, मग एकेक करून पोरं पीएलच्या नावाखाली घरी सटकली. आचारी परत आला तेव्हा जेवायला आम्ही चौघंच! बिचारा भांडी मांडून बसला होता. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या रिकाम्या हॉस्टेलमध्ये एका रात्री पार्टनर म्हणाला, "हे बघ, जनुक घातलं की वाढणार हे तर ठरलेलंच आहे. 'अ'मध्ये वाढलंच की. आपल्या हाताला यश नाही एवढंच. फोटोपुरतं साधं यीस्ट ओढू तिथे. कोणाला कळणार आहे?"

मी नाही म्हटलं असतं तर हा लेख छान झाला असता. पण मी नाही म्हटलं नाही. आपण सगळ्यांनी पहिल्या वर्षापासून सिनियरच्या जर्नलमधून रीडिंग छापली आहेत. आधी आलेख काढायचा आणि मग त्यावरून रीडिंग लिहायची, ही कला कोणाला येत नाही? मला तर त्यात काही मोठं पाप आहे असं त्या क्षणी वाटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मीच प्लेटचे चार भाग केले आणि चौथ्या भागात, जिथे 'ब अधिक जनुक' लिहिलं होतं, तिथे निरोगी यीस्ट ओढलं. हात जराही थरथरला नाही. तीन दिवसांनी फोटो काढला. फोटो सुरेख आला.

रिपोर्टचा कच्चा मसुदा सरांना दिला. सर फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. "अरे वा," म्हणाले, "हे झालं? आश्चर्य आहे." बस्स, एवढंच. रागावले नाहीत, काही विचारलं नाही. पण ते 'आश्चर्य आहे' माझ्या डोक्यात दोन दिवस घुमत राहिलं. जे व्हायलाच हवं होतं ते झालं, तर सरांना आश्चर्य का वाटावं?

तिसऱ्या दिवशी लॅबमधल्या पीएच.डी. करणाऱ्या ताईंना मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? सरांकडे जा." मी पार्टनरला सांगितलं. तो चिडला. एक दिवस बोलला नाही आणि मग माझ्याबरोबर आला. केबिनमध्ये आम्ही दोघं उभे होतो, बसायचा धीर झाला नाही.

सरांनी मसुदा पुढे ओढला, त्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाळांनो, तुम्हाला चार वेळा जे मिळालं ना, तो कोरा तुकडा, तेच उत्तर होतं. तुम्ही त्यावर दुसरंच पेरलंत."

आम्ही गप्प.

"आता एकच प्रयोग करा. माझ्याकडे एक यीस्ट आहे. त्याची केंद्रकातली सगळी जनुकं शाबूत आहेत, पण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पूर्ण गेलेला आहे. त्याच्याशी अ आणि ब दोघांची जोडी लावा."

यीस्टमध्ये दोन जाती असतात, त्यांचं मीलन होऊन एकच पेशी तयार होते. ही परीक्षा म्हणजे आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट आहे. सरांच्या यीस्टकडे जनुक आहे, पण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए नाही. आपल्या पतिताकडे जनुक नाही, पण तो डीएनए असेल तर दोघं मिळून जत्रेला पोचतील. 'अ'ची जोडी ग्लिसरॉलवर झकास वाढली. 'ब'ची जोडी वाढलीच नाही. म्हणजे इथे दोघंही पांगळे! 'ब'कडे मायटोकॉन्ड्रियाचा डीएनएच शिल्लक नव्हता.

ताईंनी डॅपी नावाचा रंग घालून आम्हाला फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली दाखवलं. निरोगी पेशीत केंद्रकाचा एक मोठा निळा गोळा आणि भोवती बारीक बारीक चांदण्या. त्या चांदण्या म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. 'ब'मध्ये नुसता गोळा. आजूबाजूला अमावस्या. एवढं स्पष्ट उत्तर आयुष्यात कुठल्याच प्रॅक्टिकलमध्ये बघितलं नव्हतं.

आम्ही उत्साहात लिहून टाकलं: 'ब'मधल्या जनुकाचं काम मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए सांभाळणं. सरांनी ते वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"गेल्या महिन्यात आपला आचारी गावी गेला. हॉस्टेल रिकामं झालं. मग आचाऱ्याचं काम काय लिहाल? पोरांना हॉस्टेलमध्ये धरून ठेवणं?"

मित्रांनो, त्या एका वाक्यात माझी चार वर्षांची इंजिनिअरिंग आली. आचाऱ्याचं काम जेवण बनवणं. जेवण बंद झालं म्हणून पोरं गेली. आणि एकदा पोरं गेल्यावर आचारी परत आला तरी हॉस्टेल भरत नाही! म्हणूनच प्लाझ्मिडवरून जनुक परत घातलं तरी आमची प्लेट कोरीच राहिली. त्याला जिथे काम करायचं, ते हॉस्टेलच उठून गेलं होतं.

यीस्टमध्ये हे खरोखर असंच होतं. मायटोकॉन्ड्रियातली प्रथिननिर्मिती पूर्ण बंद पडली, की यीस्ट आपला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए अखंड टिकवू शकत नाही. हे त्झागोलॉफ यांच्या गटाने १९८५ मध्येच दाखवलं होतं. कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वी ज्या खड्ड्याभोवती पाटी लावली, त्यात आम्ही सरळ चालत जाऊन पडलो. वर तो खड्डा फोटोत बुजवूनही टाकला!

पण मग आधी काय बंद पडलं हे ओळखायचं कसं? ताईंकडे 'ब'च्याच जनुकाचं एक वेगळं रूप होतं. थंड तापमानाला ते नीट काम करतं आणि ३७ अंशांवर बंद पडतं. म्हणजे पार्ट काढायचा नाही, त्याला स्विच लावायचा. पेशींना किरणोत्सारी मेथिओनिन द्यायचं, सायक्लोहेक्झिमाइड घालून बाहेरचे मोठे रायबोझोम थांबवायचे. मग जी नवी प्रथिनं चमकतील ती फक्त मायटोकॉन्ड्रियातली. ताईंनी फिल्म दाखवली. निरोगी यीस्टमध्ये मायटोकॉन्ड्रियाचे पट्टे स्पष्ट दिसत होते. ३७ अंशांवर थोड्याच वेळात ते सगळे एकदम फिकट. आणि त्याच पेशी डॅपीखाली बघितल्या तर चांदण्या अजून जागेवर! पोरं हॉस्टेलमध्ये आहेत, पण जेवण बंद झालंय. म्हणजे आधी प्रथिननिर्मिती थांबते, डीएनए नंतर जातो.

'अ'ची फिल्म वेगळीच होती. त्यात बाकी सगळं जागेवर, पण एकच पट्टा गायब. आम्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर बघितलं होतं तेही त्याच्याशी जुळलं. सुमारे ६०३ नॅनोमीटरचं सायटोक्रोम ऑक्सिडेजचं शिखर 'अ'मध्ये नव्हतं, पण ५६० आणि ५५० ची शिखरं होती. 'ब'मध्ये मात्र फक्त ५५० चं, म्हणजे सायटोक्रोम सीचं शिखर उरलं होतं, कारण ते पूर्णपणे केंद्रकाच्या भरवशावर बनतं.

शेवटी सरांनी नावं सांगितली. 'अ' म्हणजे पेट-१११. आठांपैकी कॉक्स-२ या एकाच प्रथिनाचा संदेश रायबोझोमकडून वाचून घेणं एवढंच त्याचं काम. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस फॉक्स यांच्या प्रयोगशाळेने ते दाखवलं. या जनुकाशिवाय कॉक्स-२ चा संदेशवाहक आरएनए असतो, पण प्रथिन बनत नाही. आणि त्या आरएनएच्या सुरुवातीचा तुकडा बदलून तिथे मायटोकॉन्ड्रियाच्याच दुसऱ्या जनुकाचा तुकडा आला, की पेट-१११ नसतानाही काम चालतं. तो मूळ तुकडा फक्त ५४ अक्षरांचा! एकाच प्रथिनासाठी ठेवलेला एक खास माणूस म्हणा ना.

'ब' म्हणजे मेफ-१. त्याची माहिती १९९१ मध्ये त्झागोलॉफ यांच्याच प्रयोगशाळेतून छापली गेली. प्रथिन बनताना रायबोझोमला संदेशावर एक पाऊल पुढे सरकवणारा हा घटक. तो नसला की कुठलंच प्रथिन पुढे जात नाही. खरं तर आम्ही प्रयोगातून एवढंच म्हणू शकत होतो की 'ब'मुळे सगळीच प्रथिननिर्मिती थांबते. 'एक पाऊल पुढे' हे आमच्या प्रयोगातून कळलेलं नव्हतं, आणि सरांनी तसं रिपोर्टमध्ये लिहायला लावलं. जेवढं दिसलं तेवढंच लिहायचं.

एक काम राहिलं होतं. हॉस्टेल रिकामं व्हायच्या आधीच आचारी परत आणला तर? आम्ही असं जोडीचं यीस्ट घेतलं ज्यात 'ब'च्या जनुकाची एक प्रत चांगली आणि एक काढलेली होती. त्यात आधी प्लाझ्मिड घातलं आणि मगच त्याला बीजाणू करायला लावले. आमच्या जातीचं यीस्ट या कामात फार आळशी, कित्येक दिवस वाट बघायला लावली. एका पिशवीत चार बीजाणू, ते ताईंनी बारीक सुईने एकेक वेगळे केले. त्यांतल्या ज्यांच्यात जनुक काढलेलं होतं पण प्लाझ्मिड आलं होतं, ते ग्लिसरॉलवर वाढले. खरोखरच्या, आमच्या, कोणीही न पेरलेल्या कॉलन्या! थोड्या बारक्याच होत्या. त्या खोट्या फोटोइतक्या सुरेख दिसत नव्हत्या.

या सगळ्यात सबमिशनची तारीख गेली. टर्म वर्कचे मार्क कापले गेले, प्रोजेक्ट प्रदर्शनात आमचं टेबल नव्हतं. रिपोर्टमध्ये त्या चार कोऱ्या प्लेटचा फोटो मात्र सरांनी पहिल्या पानावर घ्यायला लावला. परीक्षक बाहेरून आले होते. त्यांनी सगळा वेळ त्याच एका फोटोवर प्रश्न विचारले, आणि आयुष्यात पहिल्यांदा व्हायवामध्ये मला प्रत्येक उत्तर माहीत होतं.

पार्टनर आता म्हणतो, "बरं झालं तू बोललास." मी त्याला म्हणतो, "बरं झालं तू बरोबर आलास." सरांनी नंतर त्या विषयाचं नावही काढलं नाही. पण पुढच्या बॅचला दोन ट्यूब देताना ते काय म्हणाले ते ताईंकडून कळलं. "प्लेट कोरी आली तर आधी माझ्याकडे या."

ज्युनियर मित्रांनो, तुमचीही कधीतरी कोरी येईल. तेव्हा ती सरांकडे घेऊन जा.

रूममेटने हा लेख वाचला. म्हणाला, "म्हणजे मशीन आहे तर!" मग जरा थांबून विचारलं, "पण पुढे नक्की काय करणार तू?"

असो. कॅन्टीन उघडलंय. वडापाव खायला जातो.

— अंतिम वर्ष, जैवतंत्रज्ञान